चिंचोक्यांची पिशवी

आई २०१९ साली अंगणवाडीतून निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी सामानाचा ताबा द्यायचा होता. त्या आठवड्यात मी गावी होते, म्हणून रजिस्टर घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. वजनकाटा एक. उंची मोजायची पट्टी एक. पातेली तीन, झाकणं दोन. सतरंज्या चार, त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली. आई एकेक वस्तू उचलून दाखवायची, पर्यवेक्षिका बाई खूण करायच्या, नवी सेविका सही करायची. सगळं झाल्यावर कोनाड्यात एक पिशवी उरली. मांजरपाटाची, नाडी ओवलेली, हाताळून हाताळून तळाशी काळी पडलेली. आत चिंचोके होते. यादीत चिंचोके नव्हते.

"ही ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, आणि पिशवी घरी घेऊन आली.

आमचं गाव माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं. १९८९ साली तिथे अंगणवाडी आली आणि मॅट्रिक झालेली सून म्हणून आईचं नाव पुढे झालं. तेव्हा मॅट्रिक झालेल्या नव्या सेविकेला केंद्राकडून महिना २७५ रुपये मिळायचे. त्याला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. आजही तेच म्हणतात. या पैशात तिच्याकडे सहा कामं होती: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, बायांना आहार-आरोग्याची माहिती देणं आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. सरकारी कागदावर शिक्षणाचा नंबर कितवा होता मला ठाऊक नाही, आईच्या दिवसात तो शेवटी यायचा. सकाळी गृहभेटी, मग आहार शिजवून वाढणं, महिन्याला वजनं, नर्सबाई आल्या की लसीकरण, आणि या सगळ्याची रजिस्टरं. त्यातून जो वेळ उरेल तो गाण्यांचा, गोष्टींचा, चिंचोक्यांचा.

तरी ती तो वेळ उरवायचीच. कसा उरवायची ते मी लहानपणी पाहिलं, पण कळलं मात्र फार उशिरा.

एक प्रसंग सांगते. मी कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर आईसमोर धनगरवाड्यातली एक पोर बसलेली, चार-सव्वाचार वर्षांची, नाकात मोरणी. आईनं सहा चिंचोके स्वतःपुढे ओळीत मांडले, जवळजवळ. सहा तिच्यापुढे मांडले, पण लांब लांब. "कुणाकडं जास्त?" पोरीनं क्षणाचाही विचार न करता आपल्या ओळीवर हात ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं तशी आईनं डोळ्यांनी मला दटावलं. "बरं, तुझ्याकडं जास्त," एवढं म्हणून तिनं चिंचोके गोळा केले. मला ते पटलं नाही. चुकलं तर सांगायला नको का?

आठ-दहा दिवस हाच खेळ चालला होता. कधी चिंचोके, कधी बाटल्यांची बुचणं, कधी नुसते खडे. मग एका सकाळी ती पोर ओळ बघून गप्प झाली. तिनं आपल्या ओळीतला एक चिंचोका उचलून आईच्या एका चिंचोक्याशेजारी ठेवला. मग दुसरा दुसऱ्याशेजारी. असे सहाच्या सहा. हातात काही उरलं नाही, आईच्या ओळीतही कुणी एकटं उरलं नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एकाला एक दिला. सरलं." आणि एकदम हसली.

शिकलेल्या लोकांच्या पुस्तकात या टप्प्याला मोठं नाव आहे, हे मी पुढे बी.एड.ला वाचलं. वस्तू लांब मांडल्या म्हणून वाढत नाहीत, ही गोष्ट मुलाला सांगून कळत नाही. त्याच्या हातांनी ती त्याला सापडावी लागते. पहिलीत गेल्यावर बेरीज ज्या जमिनीवर उभी राहते ती ही जमीन. आईनं ते पुस्तक वाचलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की पोर उत्तराच्या जवळ आलेलं असताना मध्ये बोलायचं नाही.

त्या सकाळी रजिस्टरात काय नोंद झाली? हजेरी चोवीस. आहार दिला. ती पोर 'एकाला एक' शिकली याला रकाना नव्हता.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. अंगणवाडीत ज्याचं वजन करता येतं त्याची विचारणा होते. किलो विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. कुपोषणानं मुलं दगावलेला हा आपला महाराष्ट्र आहे. पण मुलाच्या डोक्यात आणि बोलण्यात या तीन वर्षांत काय उगवलं, हे कुणी विचारत नाही. वरून साहेब विचारत नाहीत आणि खालून गावही विचारत नाही. साहेबांपेक्षा गावाच्या न विचारण्याचं मला जास्त वाईट वाटतं.

खरं तर अंगणवाडीचा जन्म शिक्षणापोटी झाला. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या दोन बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई पुढे मुंबईत दादरला आल्या आणि तिथे त्यांनी शिशुविहार उभा केला. मध्यमवर्गीय मुलांची ती शाळा चांगली चालली असताना खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथपर्यंत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर ज्या नावाच्या पाट्या लागल्यात, ते नाव या मातीतलं, आणि मूल येत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जायचं, हा अर्थ त्या नावातच भरलेला.

मारिया माँटेसरी या इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी आखलेली शिकण्याची साधनं महाग होती, ती खेड्यात कुठून आणणार? ताराबाईंनी आसपास जे मिळेल ते घेतलं: शिंपले, बिया, पानं, खडे. आईची चिंचोक्यांची पिशवी त्याच घराण्यातली, असं मला वाटतं. आईला ताराबाईंचं नाव प्रशिक्षणात एकदा कानावर पडलं होतं, एवढाच तिचा परिचय.

१९५७ साली दोघी बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. त्यांनी तिथे उभारलेल्या विकासवाडीची रचना मला आजही थक्क करते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. का, तर आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर तान्हं भावंड असतं. ते भावंड शेजारच्या खोलीत पाळण्यात झोपलं, की तिचे दोन्ही हात मोकळे. आणि जी मुलं गुरांमागे रानात जायची, त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा. एका मुलीला शाळेत आणायचं तर आधी तिच्या धाकट्याला कुणीतरी सांभाळलं पाहिजे, हे ज्यांना सत्तर वर्षांपूर्वी दिसलं, त्यांच्या नजरेला मी काय नाव देऊ?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांवर सुरू केली. मेळघाटातलं धारणी त्यातलंच एक. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रातच लाखाहून अधिक. वाढ मोठी झाली. पण वाढता वाढता ताराबाईंची बालवाडी आहाराच्या पातेल्यामागे झाकली गेली. आमच्या गावात आजही कुणी 'अंगणवाडीत शिकायला जातो' म्हणत नाही. 'खाऊ आणायला जातो' म्हणतात.

कायद्यानंही या वयाला कायम उंबऱ्यावर उभं केलंय. घटनेच्या मूळ ४५व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट होती. सगळ्या, म्हणजे तीन वर्षांचंही मूल त्यात येत होतं. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झालं. पण सहा ते चौदा या वयासाठी. सहाच्या खालच्यांसाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढंच राहिलं. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अकराव्या कलमात सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' असं आहे. करील नव्हे, करू शकेल. आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली की माझा जीव कासावीस होतो. जे वय सगळ्यात मोलाचं म्हणता, त्याच्याच वाट्याला हक्क का नाही?

मात्र एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती सुरू झाली पाहिजे. मागणी केल्यापासून. न्यायालयानं किल्ली लोकांच्या हातात ठेवली. आपण ती किती वेळा फिरवली?

मागणी न होण्याची कारणं मी पुण्यात राहून बघतेय. जिच्या मुलांना अंगणवाडीची गरज आहे ती आई सकाळी सातला घराबाहेर पडते आणि दिवेलागणीला परतते. निवेदन घेऊन ती नगरसेवकाच्या दारात कधी उभी राहणार? आणि ज्यांना वेळ आहे, चार शब्द लिहिता येतात, त्यांची मुलं प्लेग्रुपला जातात. मीही त्यातलीच. माझ्या मुलीला तीन वर्षांची असताना एका शाळेत प्रवेशासाठी नेलं, तिथे एका मॅडमनी तिला समोर बसवून त्रिकोणाचा रंग इंग्रजीत विचारला. ती माझ्या ओढणीत तोंड लपवून रडली. मी आयुष्यभर विसरणार नाही असं ते रडणं होतं. घरी येऊन मी दुसरी शाळा शोधली, पैसे भरले, आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला. आमच्या सोसायटीच्या मागच्या वस्तीत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू तिथे जायचा. "पावसाळ्यात मॅडम लवकर सोडत्यात, पाणी येतं आत," त्या म्हणाल्या. माझी मुलगी आणि तो मुलगा दोघंही चार वर्षांचे. मध्ये एक भिंत.

सार्वजनिक पाठिंबा म्हणजे काय, हे मला त्या भिंतीपाशी समजलं. लहान मुलांना चांगलं शिक्षण मिळावं का, असं कुणालाही विचारा, सगळे 'हो' म्हणतील. त्या 'हो'ला काही किंमत नाही. रस्त्यावर खड्डा पडला तर आपण फोटो काढून पाठवतो, पाणी आलं नाही तर हंडे घेऊन जातो. अंगणवाडीत बाराही महिने शिकवणं झालं नाही म्हणून कुणी गेलंय का? ज्यांना स्वतःसाठी गरज नाही त्यांनीही दुसऱ्याच्या पोरासाठी तितक्याच तळमळीनं विचारणं, याला मी पाठिंबा म्हणते. मुंबईत १९९०च्या दशकात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेनं झोपडपट्ट्यांमधून बालवाड्या सुरू केल्या तेव्हा इमारती बांधल्या नाहीत. वस्तीतल्याच मुली शिकवायला पुढे आल्या, कुणी देवळात जागा दिली, कुणी स्वतःच्या घरात. आपल्या एकुलत्या एका खोलीतलं सामान रोज दोन-तीन तास बाजूला सारून परक्याची पोरं बसवून घेणाऱ्या घरांचा विचार मी बरेचदा करते.

सेविकांबद्दलही हेच. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर गेल्या, पन्नासहून जास्त दिवस. आई टीव्हीसमोरून उठत नव्हती. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला होता, तेव्हा ती देवापुढे दिवा लावून आली होती. संपाच्या वेळी लोक म्हणायचे, पोरांचे हाल होतायत. होत होतेच. पण जिच्या हातात आपण मुलाची सगळ्यात महत्त्वाची तीन वर्षं देतो, तिला आपण शिक्षिका म्हणत नाही, तिच्या मेहनतान्याला पगार म्हणत नाही. त्या हालांची सुरुवात तिथे आहे.

आता आमच्या ग्रामसभेचं सांगते, कारण त्याशिवाय मी हे लिहायला बसलेच नसते.

आईच्या तीस वर्षांत अंगणवाडी समाजमंदिरातच राहिली. कुणाचं लग्न निघालं की चार दिवस बंद. कुणाचा बारावा-तेरावा असला की बंद. निवडणूक आली की प्रचाराचं सामान तिथेच. मुलं शी-शूला ओढ्याकडेला जायची. निवृत्तीनंतर आईनं तो विषय मनातून काढून टाकलाय असं मला वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी २६ जानेवारीची ग्रामसभा. मी गावीच होते. विषयपत्रिकेवर वेशीवरच्या कमानीचा खर्च होता. सरपंच बोलत असताना मागच्या बाजूनं एक तरुण बाई उभी राहिली, डोक्यावर पदर, कडेवर मूल. म्हणाली, "दादा, कमान व्हईल मागनं. आमच्या पोरास्नी खोली पायजे. संडास पायजे, ल्हान पोरांच्या उंचीचा." जरा कुजबूज झाली. एक वयस्कर आप्पा म्हणाले, "आगं, तितं खिचडी खात्यात न् झोपत्यात. त्याला खोली कशाला?"

यावर ती काय बोलेल याची मला धास्ती वाटली. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, मी खुरपायला जाती तवा हे बांधावर असतंय. एकदा इंचवाच्या दगडावर बसलं व्हतं. अंगणवाडी साडेबाराला सुटती, माझी सुट्टी साडेपाचला. मधल्या वेळंला मी काय करू सांगा." मग थोडं थांबून, "आन् शिकवत्यात न्हाय कसं? बाईंनीच मला मोजाय शिकवलं. एकाला एक."

मी मान वळवून नीट पाहिलं. नाकात मोरणी नव्हती, चमकी होती. पण डोळे तेच.

तिच्या पाठोपाठ बचत गटाच्या बाया उभ्या राहिल्या, एकीमागून एक. कुणी म्हणालं पाणी तिथेच पाहिजे, कुणी म्हणालं मदतनीस कायम पाहिजे. तिघी-चौघींनी एकच मागणी लावून धरली की अंगणवाडी दुपारपर्यंत नको, संध्याकाळपर्यंत चालवा. आई भिंतीला टेकून बसली होती. बोलली काही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

ठराव झाला. त्यानंतर चौदा महिने गेले, ते मी लांबवत नाही. कागद फिरले, माणसं थकली, पुन्हा उठली. शाळेच्या आवारात जागा मिळाली. ग्रामपंचायतीनं निधी धरला, पण तो पुरेना. गवंड्यानं दोन दिवसांची मजुरी घेतली नाही. मुंबईकर मंडळानं संडासाचा खर्च उचलला. ज्या आप्पांनी खिचडीचं म्हटलं होतं त्यांनी आपल्या रानातला मुरूम दिला, ट्रॅक्टरसकट. कमान अजून झालेली नाही. अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालत नाही, तेही अजून झालेलं नाही. त्यासाठी वरून मंजुरी लागते आणि बायांचा अर्ज तालुक्याला पडून आहे. मागच्या महिन्यात त्यांनी तिसरं स्मरणपत्र दिलं. लिहून मी दिलं, सह्या पंचावन्न बायांच्या.

खोली सुरू झाली त्या दिवशी आईला नारळ फोडायला बोलावलं होतं. जाताना तिनं फडताळातून पिशवी काढली. तिथे मुलं आधीच आत शिरून फरशीवर पालथी पडली होती, थंड लागते म्हणून. नवी सेविका साहित्याचं रजिस्टर भरत होती. खुर्च्या लहान, दहा. फळा एक. आईनं पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिनं नाडी सोडून आत पाहिलं आणि पेन उचललं.

"बाई, किती नग लिहू?"

आई म्हणाली, "मला कुटं म्हाईत? मोजून घे की." आणि पिशवी फरशीवर ओतली. तीनच्या खालची पोरं तिनं आधी आयांकडे दिली, चिंचोके नाकात-घशात जातात म्हणून. बाकीची गोल बसली. एक मुलगा मोठ्यानं मोजायला लागला. बारापर्यंत आला, अडला, सगळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. सेविका पेन धरून थांबली होती.